कटात आम्हालाही घ्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

मी पाच वर्षे आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत सदस्य होते, महिला राखीव जागेवर. रस्ता किंवा नळ मागायला लिहीत नाही. राजकीय सिनेमाबद्दल बोलायचं आहे, आणि तो तुमच्याच खात्याचा विषय.

आमच्या सरपंचांवर अविश्वास ठराव आला, तेव्हा मतदानाच्या चार दिवस आधी सदस्यांना 'सहलीला' नेलं. सहल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दोन गाड्या, घाटातलं लॉज, मोबाईल जमा. बायकांच्या खोलीवर मात्र पहारा नव्हता. बायका काय करणार? ठराव फिरला तो त्याच खोलीत, रात्री दीड वाजता. एका काकूंनी चटणीच्या डब्याखाली बटणांचा जुना फोन लपवून आणला होता. तीन मतं फुटली. घरच्या पुरुषांना कळलं ते सभेत हात वर झाल्यावर. आणि आम्ही काही गावाच्या भल्यासाठीच जागलो असं नाही. एकीला पाण्याच्या टाकीचं काम दिराला मिळवून द्यायचं होतं. माझाही हिशेब होता, तो इथे लिहीत नाही.

असली बाई मला मराठी पडद्यावर भेटलेली नाही. तिथली सरपंचबाई एक तर नवऱ्याच्या सहीचा शिक्का असते, नाही तर दारूबंदी करणारी देवी.

'सामना' (1975) मी कितीदा पाहिला असेन. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव. "मारुती कांबळेचं काय झालं?" हा प्रश्न अजून गावोगाव विचारला जातो. पण चित्रपटात मारुतीच्या वाट्याला काय आलं? नाहीसं होणं. हिंदुराव डाव टाकतो, गावात आलेला दारुडा मास्तर शोध घेतो, आणि कांबळे, जो फौजेत राहून आलेला आहे, तो मरतो. त्या काळाचं ते खरंच चित्र होतं, म्हणून तक्रार नाही. तक्रार पुढच्या पन्नास वर्षांची आहे. कांबळे आडनावाचा माणूस अजून प्रेत किंवा पुतळा म्हणूनच येतो. तो सभापती झाला, त्यानं कुणाला पाडलं, कुणाशी संगनमत केलं, ही गोष्ट कोण सांगणार?

'सिंहासन' (1979) मध्येही सगळी कारस्थानं पुरुषांचीच. ते एक वेळ मान्य. तेव्हा मंत्रालय तसंच होतं. आणि एक गोष्ट त्या सरकारच्या बाजूनं सांगितली पाहिजे: शरद पवार मुख्यमंत्री असताना या चित्रपटासाठी खुद्द मंत्रालयात चित्रीकरण करू दिलं गेलं. खुर्चीच्या ओढाताणीची गोष्ट, खुर्चीवाल्यांच्याच इमारतीत!

आता पंचायतीत बायकांना, दलित-आदिवासींना राखीव जागा देणारी 73वी घटनादुरुस्ती लागू होऊन तीस वर्षं उलटली. 2011 पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत डाव टाकणाऱ्यांत आता आम्ही आहोत, दलित आहेत, आदिवासी आहेत. पडद्यावर मात्र आम्हाला सन्मानानं दाखवण्याचा आग्रह. वाईट दाखवलं की 'समाजाच्या भावना दुखावल्या' म्हणून निवेदनं येतात, मग लेखक घाबरून आम्हाला सोज्वळ करून टाकतो. सोज्वळ माणसाला राजकीय थरारपटात काम काय? दुसऱ्या अंकात त्याचा अपघात घडवायचा, एवढंच.

तेव्हा विनंती अशी. तुमची परीक्षण समिती तयार चित्रपट बघते, गुण देते, त्यावर अनुदान ठरतं. पण गोष्ट बिघडते ती त्याच्या दोन वर्षं आधी, पुण्या-मुंबईच्या टेबलावर. थोडे पैसे पटकथेच्या टप्प्यावर द्या, आणि ते तालुक्यात राहून लिहिणाऱ्यांना द्या, ज्यांनी मतमोजणीची रात्र जवळून पाहिली आहे. समितीवर एखादी माजी सभापतीण बसवा. खोटा डाव तिला लगेच ओळखू येईल. आणि कृपा करून 'सामाजिक संदेश' या रकान्याला गुण ठेवू नका.

काकूंचा तो फोन अजून चालतो. लेखक पाठवलात तर चटणीचा डबाही दाखवतील. टाकीचं काम कुणाला मिळालं, ते मात्र सांगतील याची खात्री नाही.

कळावे,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य