गळला तर बाहेर गळू दे! माळकरी काकांना एका बिअरवालीचं आभाराचं पत्र

ती. काकांना सा.न.,

हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुमच्या मुलीकडे निरोप दिला असता तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवला असता. परवा पहिली बाटली उघडली. स्वच्छ, कुठेही आंबूस वास नाही. माझ्या डोळ्यात पाणी आलं आणि नवरा हसायला लागला, असो.

बाकीच्यांना थोडं सांगते. घरी बिअर करताना माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, गोड पाणी (त्याला वर्ट म्हणतात) हॉप्स नावाची कडवट फुलं घालून तासभर उकळतात आणि मग ते शंभर डिग्रीवरून विशीत आणावं लागतं, तेही पटकन. साठ ते तीस डिग्रीच्या मध्ये ते रेंगाळलं की नको ते जंतू मजेत वाढतात, आणि गरम ठेवून झाकलंत तर उकडलेल्या मक्यासारखा वास धरतो. माझी बॅच पाच गॅलनची, म्हणजे एकोणीस लिटर. एवढं उकळतं पातेलं उचलून बर्फाच्या टबात ठेवायचं म्हणजे पाय भाजायची खात्री. म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं, इमर्शन चिलर. उकळी संपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पातेल्यात सोडायचं म्हणजे निर्जंतुक होतं, मग नळीतून नळाचं पाणी सोडायचं, गरम होऊन दुसऱ्या टोकाने बाहेर.

माझ्याकडे होतं की असं वेटोळं, दुकानातून आणलेलं! त्याची टोकं इतकी आखूड की रबरी पाइपचा जोड बरोबर पातेल्याच्या वर यायचा, आणि त्यातून ठिबक ठिबक कच्चं पाणी माझ्या वर्टमध्ये. बॅचच्या बॅच आंबली. दुकानदार म्हणे क्लॅम्प नीट पिळला नसेल मॅडम. नवीन क्लॅम्प घेतला, परत तेच, मग तर त्याने मेसेजला उत्तर द्यायचंच सोडलं. आणि आपली डॅलसची मंडळी? एक म्हणे विकत आण की, किती स्वस्त मिळते इथे. दुसऱ्याने बायकोसमोर डोळा मारून "वहिनींचा गुत्ता" म्हटलं. मदत सोडा, वाकून बघितलं पण नाही कोणी.

आणि तुम्ही. गळ्यात तुळशीची माळ, मुलीकडे सहा महिने आलेले, संध्याकाळी फेरी मारताना आमचं गॅरेज उघडं दिसलं म्हणून थांबलात. मी खरं तर ओशाळले, म्हटलं आता काका काय म्हणतील. तुम्ही पातेल्यावर वाकलात आणि म्हणालात, "वास चांगलाय गं, गव्हाचा चीक शिजतोय तसा." मग कॉइलकडे बघून, "हे कोणी केलंय? जोड भांड्याच्या वर कशाला ठेवलाय? पाण्याचा जोड गळणारच, आज नाही तर वर्षाने. गळला तर बाहेर गळू दे!" पिंपरीत जन्मभर एसी-फ्रिजचं काम केलेल्या माणसाला जे एका नजरेत दिसलं ते विकणाऱ्याला दिसलं नाही, की दिसूनही विकलं, देव जाणे.

मग तीन सुती (3/8 इंची) सॉफ्ट कॉपर, म्हणजे तांब्याची मऊ नळी, आणायला लावलंत, पन्नास फूट. छोट्या पातेल्यावर हळूहळू गुंडाळलंत, वाकवताना स्प्रिंग घातलीत, "पाइप दुमडला की संपला" हे किती वेळा ऐकलं मी. दोन्ही टोकं काठावरून बाहेर काढून खाली वळवलीत. मध्येच विचारलंत हे कायद्यात बसतं ना? मी सांगितलं की 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी घरच्या बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलन चालतं. "मग काय प्रश्नच नाही," म्हणालात आणि कटर उचललात.

पण काका, मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते टिश्यू पेपर. काम झालं होतं, पाणी सोडून बघितलं होतं, एक थेंब नव्हता. तरी तुम्ही प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि बुटक्या स्टुलावर बसून राहिलात. मुलीचा जेवायला या म्हणून फोन आला, "येतो" म्हणून परत टिश्यूकडे बघत बसलात. शेवटी प्रत्येक टिश्यू सोडून माझ्या हातात दिलात, "बघ, कोरडा आहे ना? तू स्वतः बघ." माझ्यावर असा विश्वास ठेवून कोणी काम दाखवलंच नव्हतं हो आधी. आणि ज्या गोष्टीला तुम्ही आयुष्यात तोंड लावणार नाही त्या गोष्टीसाठी! उपदेश नाही, टोमणा नाही, पैसे काढले तर हात मागे. स्वतःचे नियम स्वतःपुरते पाळणारी माणसं हल्ली फार कमी भेटतात, बाकी सगळ्यांना दुसऱ्याच्या ग्लासात काय आहे याचीच काळजी.

तुम्ही सांगितलं तसं कॉइल हलवत राहते, नाहीतर नळीभोवतीचं तेवढंच गार होऊन बसतं. पहिलं निघणारं कडकडीत पाणी बादलीत धरते, भांडी धुवायला. तांबं घासायला काकूंनी सांगितलेली चिंच-मीठाची युक्तीही चालते, पण वर्ट आंबटसर असल्याने उकळीतून निघाली की कॉइल तशीच लख्ख गुलाबी असते.

काकूंना नमस्कार सांगा. वारीला जाल तेव्हा गुडघ्याला पट्टा लावा.

तुमची,
गॅरेजवाली

ता.क. इथे उन्हाळ्यात नळाचं पाणीच तिशीला टेकतं, म्हणून बर्फाच्या बादलीत ठेवायला अजून एक छोटी कॉइल करायचीय, पाणी आधी त्यातून फिरून मग मोठीत जाईल. तीन सुतीच घेऊ की चार सुती? तुम्ही पुढच्या वर्षी येताय असं कळलंय, पाइप आणून ठेवते, गुंडाळायला हात मात्र तुमचे लागतील.