मोबाईलवरची पाळत हाही हिंसाचारच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागात माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, हे नेहमीचेच. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून महाराष्ट्रातल्या चंदगडहून कर्नाटकातल्या खानापूरला माहेरी आलेली लेक सुटली, असे घरच्यांना वाटते. मोबाईल मात्र तिच्यासोबतच आलेला असतो, आणि ती कोणाकडे गेली, वकिलांशी काय बोलणे झाले, हे नवऱ्याला घरबसल्या कळत राहते.

यासाठी त्याला फार काही यावे लागत नाही. तिचे व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपला जोडलेले असते, किंवा फोनमधले गुगल खाते त्यानेच उघडून दिलेले असते. पासवर्ड त्याच्याकडे असला की फोटो, संपर्क, फोन कुठे आहे, सगळे दिसते. मुलाच्या अभ्यासाच्या टॅबमध्ये वडिलांचेच खाते चालू असते, हे तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सर्वांत अवघड बाब सिमची. सिम त्याच्या नावावर असेल तर तो त्याच नंबरचे दुसरे सिम काढू शकतो. मग तिचे बंद पडते आणि बँकेचे ओटीपी त्याला जातात. खात्याला त्याचाच नंबर जोडलेला असेल, तर सरकारी योजनेचे पैसे जमा झाले की मेसेज त्याला, आणि तिने काढले की तोही त्यालाच.

अशा वेळी घरचे लोक घाईने फोन रीसेट करतात. कृपया तसे करू नका. पुरावा तर जातोच, शिवाय पाळत पकडली गेल्याचे त्याला तत्काळ कळते आणि तो चवताळून दारात येऊ शकतो. आधी ती सुरक्षित जागी हवी. त्याने कधीही न हाताळलेल्या फोनवरून महिला हेल्पलाइनच्या १८१ ला, जिवावर बेतले असेल तर आपत्कालीन मदतीच्या ११२ ला कळवावे. धमक्यांचे मेसेज त्याच दुसऱ्या फोनने टिपावेत. नंबर, तारीख, वेळ स्पष्ट दिसली पाहिजे. तिच्या फोनवर स्क्रीनशॉट काढला तर तो सामाईक खात्यातून त्याच्याकडेही पोचू शकतो. मूळ फोन मात्र जपून ठेवावा, न्यायालयात तो लागतो. नंतर स्वतःच्या आधारवर नवे सिम, वेगळ्या फोनवर नवे गुगल खाते, मग बँक आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलणे. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी उपकरणे काढावीत आणि सहा अंकी पिन लावावा.

कायदा यात तोकडा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ नुसार फोन, मेसेज अशा कोणत्याही मार्गाने संपर्क साधायला न्यायालय मनाई करू शकते. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण अर्जात नुसते ‘मारहाण करू नये’ एवढेच लिहिले, तर आदेशात मोबाईलचा उल्लेख येईलच असे नाही. ही मागणी स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. शिवाय बाईच्या इंटरनेट वापरावर किंवा मेसेजवर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि त्यातून नवऱ्याला सूट नाही.

‘सासर महाराष्ट्रात, तिकडे जा’ असे सांगून तिला परत पाठवणे चूक आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो आणि त्यांचा आदेश देशभर लागू असतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण महिलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत देते.

महिला व बालविकास खात्याला आमची विनंती आहे. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी माहिती घेताना सिम कोणाच्या नावावर आहे आणि पासवर्ड कोणाला ठाऊक आहेत, हे दोन प्रश्न प्रत्येकीला विचारावेत. पोलीस ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहिला जात असेल, तर सही घेण्याआधी तो तिला मराठीत समजावून सांगावा. आणि वरची माहिती देणारे मराठी पत्रक खानापूर, निपाणी, बेळगावच्या अंगणवाड्यांत लावावे.

– महिला समुपदेशक, खानापूर (जि. बेळगाव)