एक सावलीवाली, एक उन्हातली

रॉकहॅम्प्टन, क्वीन्सलँड
तान्हा पोळा

प्रिय आई-बाबा,

काल व्हिडिओवर झडत्या नीट ऐकू आल्या नाहीत, पण पवन्याच्या शिंगांचा रंग आणि कपाळावरचं बेगड झकास दिसलं. आई, पुरणपोळी खाता खाता त्यानं तुझा पदर ओढला तेव्हा मी इथं एकटीच मोठ्यानं हसले.

पत्राचं कारण वेगळं आहे. फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, "लाली अन् तिची लहानी कालवड काढून टाकतो, एक विदेशी एचएफ गाय घेतो. तो माणूस वीस लिटर सांगते." मी नुसतं "बघू" म्हटलं. फोनवर तुमच्याशी वाद घालणं मला जमत नाही बाबा. हरायला लागलात की तुम्हाला ऐकू येईनासं होतं.

पण सल्ला द्यायच्या आधी तीन वर्षं लपवलेली एक गोष्ट सांगते. पोरगी दुधाच्या गाईंचं शिकायला गेली, असं आई सगळ्यांना सांगते आणि मी कधी तिला थांबवलं नाही. इथल्या गाई दुधाच्या नाहीत, मांसाच्या आहेत. हे शहर त्याच धंद्यावर वाढलं. रस्त्यांवर बैलांचे मोठमोठे पुतळे उभे आहेत, ते पोळ्यासाठी नव्हेत. मी कापायच्या कामात नाही, पण मी ज्यांचं वजन टिपते ती जनावरं शेवटी कुठं जातात हे मला माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटेल, वाटू दे. हे झाकून ठेवून तुम्हालाच गोठ्याच्या गोष्टी सांगणं मला जड जात होतं. माळकरी मामांना सांगायचं की नाही, ते आई, तू ठरव.

आल्या आल्या त्यातला एक पुतळा पाहिला आणि जागीच थांबले. वशिंड, गळ्याला लोंबती पोळी, लांब कान. म्हटलं, आपल्या देवळातला नंदी इथं कुठं आला! या जातीला ब्राह्मन म्हणतात. नाव अमेरिकेत पडलं, रक्त आपल्याकडचं: गीर, कांकरेज, ओंगोल. 1854 ते 1926 या सगळ्या काळात भारतातून अमेरिकेत गेलेली जनावरं 300 सुद्धा नव्हती. तिथून 1933 मध्ये ती क्वीन्सलँडला आली. इथल्या लोकांच्या शॉर्टहॉर्न आणि हेरफर्ड गाई थंड विलायतेतल्या. ऊन आणि गोचीड यांनी त्या बेजार व्हायच्या. ब्राह्मन वळूशी संकर केल्यावर कळप तगले.

आता माझं काम. जनावर खोड्यात घ्यायचं, ताप मोजायचा, केसांना 1 ते 7 गुण द्यायचे (1 म्हणजे गुळगुळीत, 7 म्हणजे मेंढीसारखं), आणि अंगाच्या एकाच बाजूच्या भरत आलेल्या गोचिडी मोजायच्या. होय आई, पशुवैद्यकाची पदवी घेऊन तुझी पोरगी गोचिडी मोजते.

पण गंमत त्या आकड्यांतच आहे. हेरफर्ड गाय आणि ब्राह्मन वळू यांची पहिली पिढी बरीचशी एकसारखी निघते, कारण प्रत्येक वासराला अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. ही संकरित जनावरं आपसात लावली की पुढच्या पिढीत पत्ते पिसले जातात. कोणाच्या वाट्याला ब्राह्मनची कातडी आणि हेरफर्डचा बांधा, कोणाचं उलट. एकाच वळूच्या दोन वासरांत एकाच्या अंगावर 10 गोचिडी, दुसऱ्याच्या अंगावर 100. शिवाय पहिल्या संकराचा जो जोम असतो, त्यातला साधारण निम्मा या पिढीत गळतो. म्हणून "संकरित आहे" एवढं ऐकून जनावर घेण्यात अर्थ नाही. त्याच्या वाट्याला नेमकं काय आलंय ते पाहावं लागतं.

इथल्या बेलमॉन्ट नावाच्या संशोधन केंद्रातला एक जुना प्रयोग मला फार आवडतो. ऊन-गोचिडीच्या रानात जी जनावरं लवकर वाढत, तीच पैदाशीला ठेवत गेले. पुढच्या पिढ्या त्या रानात खरंच जास्त वाढल्या. मग त्यांना आरामात ठेवून, भरपूर चारा देऊन पाहिलं, तर वाढायची मूळ ताकद वाढलेलीच नव्हती! फरक एवढाच, की रान त्यांना पूर्वीइतकं झिजवत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला मे महिन्यातले तुम्ही आठवलात, बाबा. लालीच्या दोघी कालवडी, दोन्ही वेळा रेतनाची कांडी एकाच संकरित वळूची. तुम्ही बाजेवरून म्हणाला होतात, "एकाच गाईच्या दोघी, पण एक सावलीवाली अन् एक उन्हातली." मोठी कडुनिंबाखाली जीभ काढून धापा टाकायची आणि लहानी 45 अंशात धुऱ्यावर चरत असायची. आता तुम्ही विकायला काढली ती नेमकी लहानी, कारण ती दिसायला बारीक आहे.

एका कालवडीवरून नियम निघत नाही, हे मला इथं रोज ऐकवतात. तरी तिला एक वेत होईपर्यंत ठेवा. एचएफ वीस लिटर देईलही, पण थंडीत. आपल्या उन्हाळ्यात तिचं खाणं तुटतं, दूध उतरतं, गाभ राहत नाही, आणि सरकी ढेपेचा खर्च मात्र तेवढाच. काढायचीच तर मोठी काढा. आणि लाली माजावर आली की डॉक्टरांना गवळाऊची कांडी मागा. आर्वी-कारंजा-आष्टी म्हणजे त्या जातीचं घर, आणि आपण तिथं राहून जर्सीच्या मागे धावतोय. त्यातून कालवड झाली तर पुढे तिचं दूध लालीपेक्षा कमी होईल, खोटं सांगत नाही. पण गोऱ्हा झाला तर त्याला वशिंड येईल. मागच्या जर्सी गोऱ्ह्याच्या खांद्यावर जू टिकत नव्हतं, आठवतं ना?

एक काम करा. रविवारी दोघी कालवडींच्या डाव्या अंगाच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या झालेल्या गोचिडी मोजा. आईला कॅलेंडरवर लिहू दे, मोजल्यावरच औषध लावा.

आणि पवन्याचा डावा खांदा मला सुजल्यासारखा वाटला. हळद-तूप चालू ठेवा, आठवडाभर त्याला जुंपू नका.

तुमची,
गुड्डी