अ‍ॅक्वेरियमवाल्या दादांना थँक्यू, फिल्टर बंद पडूनही टँक टिकला

दादा नमस्कार,
तोंडावर आभार मानले की तुम्ही "अहो चला, काहीतरीच काय" म्हणून उडवून लावता, म्हणून लिहूनच टाकतोय.

मे महिन्यात आमच्या कॅनिस्टर फिल्टरचा (टँकबाहेरच्या बंद डब्यातला फिल्टर) इम्पेलर, म्हणजे पाणी फिरवणारा पंखा, गेला, पार्ट यायला आठवडा तरी लागणार, आणि टँकमध्ये एंजल, टेट्रा, कोरी सगळी फॅमिली. मी फोन केला मासे जगतील का विचारायला आणि तुम्ही उलट मलाच विचारलंत, "मीडिया अजून बंद डब्यातच आहे का? आधी तो बाहेर काढा." मीडिया म्हणजे फिल्टरमधल्या रिंग्स आणि स्पंज, माशांचं नावच नाही! खरं सांगू, जरा रागच आला.

मग तुम्ही गिऱ्हाईक थांबवून समजावलंत की टँक साफ ठेवणारे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते रिंग्सवर आणि स्पंजवर चिकटलेले असतात, माशांच्या गिल्समधून निघणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. उपाशी ते बरेच दिवस काढतात, पण पाणी वाहायचं थांबलं की बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, आतली घाण सडायला लागते, आणि तसाच फिल्टर पुन्हा चालू केला की ते सगळं थेट टँकमध्ये. डबा उघडला तेव्हा तुम्ही फोनवरच होतात, "वास कसला येतोय? मातीसारखा ना, सडक्या अंड्याचा नाही ना? मग वाचलं."

रिंग्स नळाखाली धरायच्या नाहीत, क्लोरीन असतं, टँकचंच पाणी बादलीत घेऊन हलक्या हाताने खळबळायच्या, हेही तुमचंच. घरात लसणाची जाळीची पिशवी होती, त्यात भरून एअर स्टोनच्या बुडबुड्यांवर टांगल्या, आणि लाईट गेली की यूएसबी पंप पॉवर बँकेवर. खाणं दिवसाआड आणि चिमूटभरच, यावर आईशी रोज वाद, तिला मासे कायम भुकेलेच दिसतात. उन्हाळ्यात जास्त जपा म्हणालात तेही पटलं, 20 डिग्रीला लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसातच.

दुसऱ्या एका दुकानात मला सगळा मीडिया नवीन घ्या सांगितलं होतं, म्हणजे टँक परत पहिल्यापासून सायकल करा, बॅक्टेरिया नव्याने वाढवा, महिना सव्वा महिना गेला. तुमच्याकडे तर बॅक्टेरियाच्या बाटल्यांची रांग लागलेली, मी मागितली तरी दिली नाहीत, "आहेत ते जगवा की आधी." असा दुकानदार कुठे मिळतो हो?

पार्ट आला, पाइपमधलं साचलेलं पाणी टाकून मगच फिल्टर जोडला, पुढचे काही दिवस रोज अमोनिया चेक केला, टेस्टची ट्यूब पिवळीच्या पिवळी, म्हणजे अमोनिया शून्य. रविवारी येतोय दुकानात, तसाच एक यूएसबी पंप बाजूला काढून ठेवा, मावशीच्या टँकसाठी हवाय, आणि या वेळी पैसे पूर्ण घ्या.