बोलावणं

प्राग, 11 जानेवारी 2026

ती. आप्पा व सौ. आई यांस सा. न. वि. वि.

वर 'श्री' घातलेला नाही, आप्पांसाठी. आईनं मनातल्या मनात घालून घ्यावा.

फोनवर आप्पांना नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की ते 'हो हो' म्हणतात, म्हणून कागदावर लिहितोय. अक्षर मोठं काढलंय. तब्येत उत्तम आहे. खोकला गेला. डबा, कपडे, ऑफिस सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच चाललंय. आई, वजन कमी झालेलं नाही, त्या फोटोत जाकीट मोठं होतं.

आधी आप्पांच्या काळजीचं. तुम्ही दादाकरवी निरोप दिलात की तिकडे लाल बावट्यावर बंदी आली, भिंतीवरचा माझा मोर्चातला फोटो काढून टाक. मी काढलेला नाही. नव्या वर्षापासून इथं चेक देशात कायदा कडक झालाय हे खरं. नाझी चळवळीच्या जोडीनं कम्युनिस्ट चळवळीचं नाव आता कलमात स्पष्ट घातलंय, आणि प्रचार केला तर एक ते पाच वर्षं कैद. पण विडी कामगारांच्या मोर्चात बावटा धरलेल्या म्हाताऱ्याचा घरातला फोटो म्हणजे प्रचार नव्हे. इथला कम्युनिस्ट पक्षसुद्धा चालू आहे, निवडणुका लढवतो. आणि ज्या राष्ट्राध्यक्षांनी या कायद्यावर सही केली, ते पेत्र पावेल, 1989 पर्यंत स्वतःच पक्षाचे सभासद होते! तेव्हा मला कोणी धरून नेणार नाही. उगाच पेपर वाचून रात्री जागू नका.

आता नाताळची गंमत सांगतो. ती फोनवर सांगायची नव्हती, कारण आईनं मधेच फोन ठेवला असता.

इथं बाईमाणसाला आदरानं 'पानी' म्हणतात. आमच्या घरमालकीणबाई म्हणजे पानी. वय पंचाहत्तर. वीस डिसेंबरच्या सुमाराला चौकाचौकांत निळे प्लास्टिकचे हौद मांडतात, आणि त्यात जिवंत मासे. कार्प नावाचा, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला जाडजूड मासा. दक्षिणेकडे त्रेबोन म्हणून गाव आहे, तिथल्या शेकडो वर्षं जुन्या तळ्यांत वाढवतात. लोक रांग लावून घेतात. तिथंच मारून कापूनही मिळतो, पण बरीच माणसं जिवंतच घरी नेतात आणि अंघोळीच्या टबात सोडतात. दोन-तीन दिवस तो तिथं राहतो. कोणी म्हणतं चिखलाचा वास जातो, कोणी म्हणतं ताजा राहतो. खरं कारण मला वाटतं, आजीनं ठेवला म्हणून. घरातली पोरं त्याला नाव ठेवतात. एकदा नाव ठेवलं की त्याला कापायचं कोणी? मग काही घरांत रडारड होऊन मासा नदीवर नेऊन सोडतात. थंड पाण्यात तो बहुधा मरतोच, असं जाणकार दर वर्षी सांगतात आणि लोक दर वर्षी सोडतात. ज्यांच्या घरी रडारड होत नाही ते 24 तारखेच्या रात्री त्याचे तुकडे तळून बटाट्याच्या सॅलडबरोबर खातात. ताटाखाली त्याचा एकेक खवला ठेवलेला असतो. जेवण झाल्यावर तो पाकिटात घालायचा, म्हणजे वर्षभर पैसा सरत नाही.

पानींच्या घरी टब नाही, नुसता शॉवर. टब माझ्याकडे. तेव्हा मासा कुणाच्या घरी आला असेल ते समजा. तीन दिवस मी स्वयंपाकघरात बादलीनं अंघोळ केली. म्हणजे सोलापूरसारखीच. रात्री दिवा लावला की तो एकदम डुबुक करायचा. आई, मी खाल्ला नाही. माळेची शपथ तू घातली आहेस, ती पाळतोय. सॅलड खाल्लं, तेही वेगळ्या भांड्यातलं.

तर त्या रात्री जेवताना मी पानींना आप्पांचा प्रश्न विचारला. आप्पा, तुम्ही दिवाळीत म्हणाला होतात, 'तिथल्या जुन्या माणसांना विचार, अडुसष्टात रशियाला बोलावलं कोणी?' तुमचा प्रश्न मला पाठ आहे. आजी सांगायची ते ताटही पाठ आहे. ऑगस्ट महिना, रशियाचं सैन्य चेकोस्लोव्हाकियात शिरल्याच्या बातम्या लागलेल्या, तुम्ही एकवीस वर्षांचे आणि भाऊकाका सेवादलाचे. तुम्ही म्हणालात, तिथल्या कॉम्रेडांनी बोलावलं म्हणून मदतीला गेले. भाऊकाका म्हणाले, रणगाड्यातून कोणी मदतीला जातं का? आणि ताट भिंतीवर.

पानी तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. 21 ऑगस्टच्या पहाटे रणगाडे शहरात आले तेव्हा पोराटोरांनी रस्त्यांच्या नावाच्या पाट्या काढल्या, कुठं रंग फासला, म्हणजे सैन्याला वाट सापडू नये. एक पाटी पानींच्या माळ्यावर अजून आहे. दाखवली मला. बोलावणं होतं का, असं विचारल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "हायेकला विचार."

हा यिर्झी हायेक म्हणजे त्या वेळचा परराष्ट्रमंत्री. (यिर्झीतला 'र' आणि 'झ' एकदम म्हणायचा असतो. मला चार वर्षांत जमलेलं नाही.) मी सुट्टीत त्याच्याबद्दल बरंच वाचलं. आप्पा, हा माणूस तुमच्यातलाच. जन्म 1913. आधी सोशल डेमोक्रॅट, कायद्याचा पदवीधर. 1939 मध्ये नाझींनी धरला तो युद्ध संपेपर्यंत कैदेत. 1948 नंतर कम्युनिस्ट पक्षात. धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही, पन्नासच्या दशकात तोही पक्षानं ठरवून दिलेल्या भाषेतच लिहायचा. लंडनला राजदूत, मग संयुक्त राष्ट्रांत प्रतिनिधी, मग शिक्षणमंत्री, आणि एप्रिल 1968 मध्ये, सुधारणा करू पाहणारा पक्षप्रमुख दुबचेक याच्या काळात, परराष्ट्रमंत्री. त्याचं म्हणणं काय होतं? रशियाशी मैत्री सोडायची नाही, रशियाच्या गटाच्या लष्करी करारातून, वॉर्सा करारातून, बाहेर पडायचं नाही. फक्त मैत्री बरोबरीची हवी, आणि कोणी कोणाच्या घरात नाक खुपसायचं नाही. याच्यात पक्षद्रोह कुठं आहे ते तुम्हीच सांगा.

सैन्य घुसलं तेव्हा तो कुटुंबाबरोबर युगोस्लाव्हियात सुट्टीवर होता. तिथून व्हिएन्नामार्गे न्यूयॉर्क गाठलं आणि 24 ऑगस्टला सुरक्षा परिषदेत उभं राहून सांगितलं की आमच्या सरकारनं कोणालाही बोलावलेलं नाही, ही घुसखोरी बेकायदा आहे. रशियाला शिव्या नाहीत, अमेरिकेला मिठ्या नाहीत. नुसतं 'बोलावलं नव्हतं' एवढंच. दोन दिवसांनी मॉस्कोत नेऊन ठेवलेल्या पुढाऱ्यांच्या सह्या घेतल्या गेल्या, आणि मग त्याच्याच देशानं हा विषय परिषदेच्या कामकाजातून काढून घ्या म्हणून सांगितलं. सप्टेंबरात त्याला मंत्रिपद सोडावं लागलं. रशियन वर्तमानपत्रानं छापलं की हा गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, सामील होता. सहा वर्षं नाझींच्या तुरुंगात काढलेला माणूस!

पण आप्पा, तुमचंही अर्धं बरोबर होतं, आणि हे भाऊकाकांना माहीत नसेल. बोलावणं होतं. पक्षातल्या पाच कडव्या पुढाऱ्यांनी रशियाचा प्रमुख ब्रेझनेव्ह याला मदतीचं पत्र लिहिलं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रातिस्लाव्हात सगळ्या मित्रदेशांची बैठक होती, तिथं वासिल बिल्याक नावाच्या पुढाऱ्यानं ते पत्र रशियाच्या शेलेस्तकडे पोचवलं. कुठं, तर पुरुषांच्या संडासात. जगाला ते पत्र 1992 मध्ये मिळालं, रशियाचा अध्यक्ष येल्त्सिननं इथला राष्ट्राध्यक्ष हावेल याच्याकडे दिलं तेव्हा. म्हणजे तुमचं 'बोलावलं होतं' खरं, आणि हायेकचं 'सरकारनं बोलावलं नव्हतं' तेही खरं. घरमालक झोपलेला असताना भाडेकरूनं मोरीच्या खिडकीतून हाक मारली, त्याला बोलावणं म्हणायचं का, एवढाच मुद्दा उरतो.

आपल्या देशाचंही सांगतो. हायेक पोचायच्या आधीच परिषदेत निषेधाच्या ठरावावर मतदान झालं. दहा बाजूनं, रशिया आणि हंगेरी विरुद्ध, म्हणजे रशियाचा नकाराधिकार. आणि तटस्थ राहिले तिघं, अल्जीरिया, भारत आणि पाकिस्तान. तीन वर्षांपूर्वी लढलेले दोघं एका बाकावर! यावरूनच जुने समाजवादी अशोक मेहता यांनी इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. भाऊकाका आयुष्यभर ते नाव का घेत होते ते मला प्रागला येऊन कळलं. घरी असताना मला वाटायचं, मेहता म्हणजे त्यांचे कोणी हेडमास्तर असतील.

हायेकला 1970 मध्ये पक्षातून काढलं. गप्प बसला असता तर पेन्शन होतं. पण 1975 च्या हेलसिंकी करारावर प्रागच्या सरकारनं सही केली होती, मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार स्वतःच्या राजपत्रात छापले होते. त्यानं आणि इतरांनी तेच धरलं, छापलंय ते पाळा. जानेवारी 1977 मध्ये 'चार्टर 77' हा मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, त्याचे पहिले तीन प्रवक्ते म्हणजे नाटककार हावेल, तत्त्वज्ञ पातोच्का आणि हा माजी मंत्री. पातोच्का तर पोलिसांच्या लांबलचक चौकशांनंतर मार्चमध्ये गेलाच. हायेकच्या मागंही पोलीस असायचे. आपल्याकडे विडी कामगारांच्या किमान वेतनासाठी तुम्ही काय करत होतात? सरकारनंच काढलेला कागद सरकारच्या नाकासमोर धरत होतात. मला तर फरक दिसत नाही. रागावू नका.

मी 22 नंबरच्या ट्रामनं वर पोहोर्झेलेत्सला जातो कधी रविवारी. तिथून चार पावलांवर चेर्निन राजवाडा, तेच परराष्ट्र खातं. भलीमोठी लांबच लांब इमारत. त्या दिवशी बाहेर थोडा वेळ उभा राहिलो. थंडी फार होती म्हणून परत आलो.

आताचा पक्ष म्हणाल तर कातेरझिना कोनेच्ना नावाच्या बाई पुढे आहेत. एकवीस वर्षांच्या असताना खासदार झाल्या, आता युरोपियन संसदेत असतात. नाटोतून बाहेर पडा, युक्रेनला शस्त्रं देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला चार टक्क्यांच्या थोडी वर मतं पडली, पाचाची अट, म्हणून एकही जागा नाही. तुम्ही टाळ्या वाजवाल हे माहीत आहे. पानी वाजवत नाहीत. त्या म्हणाल्या, नाटो नको म्हणणारे बरेच भेटतात, मॉस्कोला तोंडावर नको म्हणणारा कम्युनिस्ट मी एकच मंत्री पाहिला. मी दोघांच्या मधे बोलत नाही. मला घर भाड्यानं हवंय.

आता व्यवहाराचं. दादाच्या खात्यावर एक लाख वीस हजार पाठवलेत. त्यातले पन्नास आईच्या मोतीबिंदूचे, याच महिन्यात करून घ्या, उन्हाळ्यावर ढकलू नका. चाळीस पत्र्याचे. उरलेले तीस आहेराचे. हो, भाऊकाकांच्या नातीच्या लग्नाची पत्रिका तुम्हाला आली आहे हे मला दादानं सांगितलंय. ती तुम्ही पंचांगाखाली ठेवलीय हेही. बोलावणं पोस्टानं आलंय, उघड, तुमच्या नावानं, वर पत्ता भाऊकाकांच्या अक्षरात. आणखी काय हवं?

मला येता येणार नाही. राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला दिलंय, ते हातात येईपर्यंत बाहेर पडणं जोखमीचं. मागच्या वर्षीही असंच काहीतरी होतं, माहीत आहे. तेव्हाचं खरं होतं आणि आताचंही खरं आहे. दिवाळीला येतो. नक्की म्हणत नाही, म्हणजे आई दिवस मोजत बसणार नाही.

अक्कलकोटच्या स्थळाला थांबवून ठेवू नका. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, उगाच तिचं वर्ष जाईल. माझं इथं कोणी नाही, आई, आधीच सांगतो. तसं असतं तर मासा टबात ठेवून घेणारा मी एकटा नसतो. पण आत्ता 'हो' म्हणून तिला इथल्या थंडीत आणून बसवायचं मन होत नाही, आणि 'नाही' म्हणायला तुमच्यासमोर यावं लागेल. तेही जमत नाहीये.

चिंटूला पापा. शेजारी सगळ्यांना नमस्कार.

तुमचा,
बाळू

ता. क. माशाचा खवला पानींनी मला दिलाय, पाकिटात आहे. आईसाठी पाठवणार होतो, पण मग ते पाकीट तिनं देवघरात ठेवलं असतं आणि नंतर कळल्यावर सगळं घर धुवून काढलं असतं. आप्पा, लग्न बार्शीला आहे, सकाळची यष्टी पकडा, दुपारच्या उन्हात जाऊ नका. कानाचं मशीन लावून जा. भाऊकाका काही बोलले आणि ऐकू आलं नाही तर नुसतं 'हो हो' म्हणू नका, पुन्हा विचारा.