ठरवून राग जात नाही, बाबा

प्रिय आई-बाबा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, नव्या वर्षाच्या उपासनेत दरवेळी ठरवतो की मजुरांवर ओरडायचं नाही, आणि मृग बहाराच्या संत्र्याची तोड लागली की सगळं संपतं. तुमची इच्छा कमी पडते असं मला वाटत नाही. रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात पौलही हेच सांगतो: चांगलं करावंसं वाटतं, हातून होत नाही. राग येतो त्या क्षणी ठरवायला वेळच नसतो, जीभ सवयीच्या वाटेने केव्हाच निघालेली असते. म्हणून काम आधी करायचं, रोज थोडं. पौल तीमथ्याला सुभक्तीची कसरत कर म्हणतो (१ तीम. ४:७), तिथला मूळ ग्रीक शब्द व्यायामशाळेतलाच आहे. पण कसरतीने आपण स्वतःला पवित्र करत नाही. तुम्ही झाडाची वाळलेली सल काढता, शेणखत घालता, ओलीत करता. बहार देव आणतो. इच्छाशक्ती लागते ती रोज त्या जागी येऊन बसण्यापुरती.

ही वेळ घड्याळाला बांधू नका. ज्या आठवड्यात पंपाला रात्रीची लाइन असते, त्यात पहाटे पाचची प्रार्थना बुडणारच, आणि चार दिवस बुडाली की माणूस सोडूनच देतो. कामाला बांधा: तोंड धुतलं की, चहाच्या आधी. दोघांनी मिळून १५ मिनिटं, जास्त नको. स्तोत्रसंहितेतलं रोज एक स्तोत्र, आईने मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचायचं. ११९वं मात्र १७६ वचनांचं आहे. त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, तिथे रोज एक भाग घ्या. अशी सगळी १५० स्तोत्रं १७१ दिवसांत होतात. दुसऱ्या वाचनात जे वचन मनाला लागेल तेवढंच धरून तीन-चार मिनिटं गप्प बसा. मन बँकेच्या हप्त्याकडे जाईलच. त्याच्याशी भांडू नका, तेच वचन हळू आवाजात पुन्हा म्हणा. मग प्रार्थना, आणि तीत काल ज्याच्यावर आवाज चढला त्याचं नाव घेऊन मागा. रोज ज्याच्यासाठी देवाजवळ मागतो त्याच्यावर ओरडणं जड जातं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन स्तोत्रं नकोत. साचलेलं फेडायला लागलं की वाचनाचं कर्ज होतं.

निजायच्या आधी पाच मिनिटं दोनच गोष्टी आठवा: आज देवाने काय दिलं, आणि आज मी कोणाला दुखावलं. नाव आठवलं तर सकाळी काम लागायच्या आधी, धुऱ्यावरच, त्याला सांगा, "कालचं माझं चुकलं." मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट करायला सांगतो. बाबा, हे सगळ्यात अवघड आहे, पण रागावर याच्याइतकं उपयोगाचं मला दुसरं काही दिसत नाही.

उपासाचं आईने विचारलं होतं. आंबिया बहारासाठी संत्र्याचं पाणी तोडून ताण देतात तसं समज. ताणावर झाडाची वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठतं, पण पुढे वेळेवर पाणी मिळालं तरच फूल येतं. ताण लांबला तर पानं गळतात, फांद्या वाळतात. जेवणाची वेळ प्रार्थनेला दिली नाही तर तो नुसता ताण. शुक्रवारी दुपारचं एकच जेवण सोड, पाणी पीत राहा. बाबा, तुम्ही साखरेच्या गोळ्या घेता, तुम्ही जेवण सोडायचं नाही. त्या दिवशी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा. यशया ५८ दोघांनी वाचा: उपासाच्या दिवशीच मजुरांना पिळणाऱ्यांना देव तिथे बोल लावतो. कोणाची मजुरी थकली असेल तर ती आधी द्या. आणि मंडळीत याची वाच्यता नको. लूक १८ मधला तो नियम काटेकोर पाळणारा परूशी आठवड्यातून दोनदा उपास करायचा, आणि तेच देवापुढे मोजून दाखवत होता.

सोमवारी पहिल्या स्तोत्रापासून लागा. आई, मोठ्या अक्षरांचं पवित्रशास्त्र मी पुढच्या खेपेला आणते, तोवर खिडकीजवळ बसून वाच. रविवारी फोनवर फक्त आकडा सांगा, कितव्या स्तोत्रावर आहात. कमी असला तरी मी का म्हणून विचारणार नाही.

तुमची लेक