नव्या संगणकाचा प्रोसेसर तापून बंद पडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपण जोडून दिलेल्या डेस्कटॉपमधील प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर नीट न बसवल्याबाबत व चुकीच्या अहवालाबाबत.

महोदय,

लग्नसमारंभांच्या व्हिडिओ संकलनासाठी मी आपल्याकडून इंटेल कोअर आय7-12700 प्रोसेसर असलेला, आपणच जोडलेला डेस्कटॉप घेतला. व्हिडिओ एक्स्पोर्टला (अंतिम फाइल तयार करायला) लावला की काही सेकंदांतच प्रोसेसरचे तापमान 100 अंश सेल्सिअसला टेकते, वेग उतरतो आणि मोठी फाइल असेल तर मशीन मध्येच बंद पडते. अर्धवट राहिलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून करावी लागते व ग्राहकांना दिलेला शब्द पाळता येत नाही.

सेवा केंद्राकडून पहिले उत्तर मिळाले ते उन्हाळ्याचे : खोलीत एसी लावा. खोलीची उष्णता हे कारण असते, तर सकाळच्या गारव्यात फरक पडायला हवा होता. तो पडत नाही. कॅबिनेटची बाजूची झडप काढून ठेवली तरी तापमान जेमतेम दोन-तीन अंशांनीच उतरते, म्हणजे हवा खेळत नाही असेही म्हणता येत नाही. सर्वांत बोलका पुरावा असा की, स्क्रीनवर 100 अंश दिसत असताना कूलरच्या उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांना हात लावला तर त्या कोमटसुद्धा लागत नाहीत. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोहोचतच नाही, हे सांगायला याहून वेगळी चाचणी लागू नये.

आपल्या तंत्रज्ञाने माझ्यासमोर कूलर काढला तेव्हा हेच दिसले. तळाच्या एका बाजूला थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोहोचवणारा लेप) दाबून पातळ पसरलेली होती आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यातून लावून आलेल्या पेस्टच्या पट्ट्या जशाच्या तशा उभ्या होत्या. कूलर जागेवर धरून ठेवणाऱ्या पिनांपैकी त्याच बाजूच्या एका पिनचे टोक वाकलेले असल्याने ती मदरबोर्डच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डच्या) छिद्रात अडकतच नव्हती. याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तंत्रज्ञाने जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पण वाकलेली पिन तशीच दाबून कूलर पुन्हा बसवला, त्यामुळे दोष कायम राहिला. अहवालात मात्र ‘धुळीमुळे तापमान वाढले, समस्या दूर झाली’ असे लिहिले आहे. तपासणी सुरू होण्याआधीच, ही केवळ भेटीची नोंद आहे असे सांगून माझ्याकडून ओटीपी घेण्यात आला आणि त्याच्याच आधारे तक्रार बंद करण्यात आली. काम न होता ते झाल्याची नोंद करणे मला मूळ दोषापेक्षाही गंभीर वाटते.

आणखी एक बाब आपल्या जोडणी विभागाने पाहावी. या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा 65 वॅट व टर्बोची (वाढीव वेगाची) कमाल मर्यादा 180 वॅट आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) मात्र ती 4096 वॅट, म्हणजे जवळजवळ अमर्याद, ठेवलेली आढळली. सोबत दिलेला कूलर प्रोसेसरच्याच खोक्यातला, लहान आकाराचा आहे. तो नीट बसला तरी अशा सेटिंगवर तासभराचे एक्स्पोर्ट त्याला झेपणार नाही. प्रोसेसरबद्दल माझी तक्रार नाही. तो जपून वेग कमी करतो, म्हणूनच अजून चालू आहे. तक्रार आहे ती जोडणीबद्दल, आणि ‘वापरण्यास सज्ज’ म्हणून पूर्ण मशीन विकले असल्याने ती जबाबदारी आपलीच आहे.

तरी या कामाला पुरेल असा कूलर विनामूल्य बसवावा, वीजमर्यादा त्या कूलरला मानवेल अशी ठेवावी, माझ्यासमोर किमान एक तास पूर्ण भार देऊन तापमानाची लेखी नोंद द्यावी आणि आधीचा अहवाल दुरुस्त करावा. या चाचणीतही वेग उतरला, तर प्रोसेसर व मदरबोर्ड तपासून बदलून द्यावेत.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत कार्यवाही न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागावी लागेल.

सोबत : बिल, सेवा अहवाल व छायाचित्रे.

कळावे,
आपला ग्राहक